बारा वर्षांचा पोरगा आणि १०८ फूट उंची : ओंकारेश्वरचे शंकराचार्य

रेवाकाठ

ओंकारेश्वरला मांधाता डोंगरावर आदि शंकराचार्यांचा जो १०८ फुटी पुतळा उभा राहिलाय त्यावर इथे कोणी नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतेय. राजकारण येणारच, येऊ द्या, पण निदान पहिले पाचदहा प्रतिसाद तरी पुतळ्यावर असू देत एवढीच विनंती.

आधी थोडी माहिती. पुतळ्याचं नाव 'एकत्वाचा पुतळा' (स्टॅच्यू ऑफ वननेस). २१ सप्टेंबर २०२३ ला अनावरण झालं, तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या हस्ते. खरं तर १८ तारीख ठरली होती पण त्या आठवड्यात तिकडे असा काही पाऊस कोसळला की कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. घोषणा २०१७ ची, नर्मदा सेवा यात्रेच्या वेळची. मग 'एकात्म यात्रा' निघाली आणि पंचायती-पंचायतींमधून पुतळ्यासाठी धातू गोळा केला गेला. पुतळा हा फक्त पहिला टप्पा आहे, पूर्ण प्रकल्पाचं नाव एकात्म धाम, त्यात अद्वैत लोक नावाचं संग्रहालय आणि अद्वैत वेदान्ताची संस्था वगैरे येणार, आणि सगळ्याचा मिळून खर्च दोन हजार कोटींच्या पुढे.

आपल्या लोकांसाठी खास गोष्ट म्हणजे मूळ चित्र मुंबईच्या वासुदेव कामतांचं आणि मूर्ती सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांची. मध्य प्रदेशातल्या डोंगरावर केरळचा संन्यासी आणि घडवणारे हात महाराष्ट्रातले.

आता मुद्द्यावर येते. हा पुतळा बारा वर्षांच्या मुलाचा आहे, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. शंकराचार्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजा रविवर्म्याचं १९०४ चं चित्र येतं, आचार्य बसलेत, भोवती शिष्य, आणि पुढे त्याच्याच नकला सगळ्या कॅलेंडरांवर आणि स्तोत्रांच्या पुस्तकांवर. ते प्रत्यक्षात कसे दिसायचे हे कोणालाच माहीत नाही, त्या काळचं एकही चित्र नाही. म्हणजे प्रत्येक चेहरा कल्पनेतलाच. मग कल्पनाच करायची तर ठिकाणाला धरून तरी करावी ना, आणि इथे ती केलीये. परंपरा सांगते की आठव्या वर्षी आईकडून संन्यासाची परवानगी काढून (ती मगरीची गोष्ट) पोरगं कालडीहून निघालं आणि गुरू शोधत थेट नर्मदेवर आलं. इथे गोविंदपाद भेटले. ओंकारेश्वर मंदिराच्या खालची गुहा त्यांचीच म्हणून दाखवतात. शिकणं संपल्यावर बाराव्या वर्षी काशीकडे रवाना. 'अष्टवर्षे चतुर्वेदी द्वादशे सर्वशास्त्रवित्' म्हणतात त्यातलं द्वादशे ते हेच. म्हणजे ओंकारेश्वर सोडताना तो जसा असेल तसा उभा केलाय, हातात दंड, भाष्यं अजून लिहायची आहेत, मठ नाहीत, दिग्विजय नाही, वादविवाद नाहीत. विद्यार्थी आहे तो अजून.

आणि मला खटकतं ते असं की बारा वर्षांच्या मुलाकडे माणूस खाली बघून बोलतो, इथे मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. खालून बघताना त्याचं पोरपण कुठेतरी हरवतं, राहतो तो फक्त आकार. फोटोत चेहरा जवळून दिसतो तेव्हा खरंच गोड आहे, डोळ्यात एक कुतूहल आहे, पण ते घाटावरून दिसत नाही हो.

तुम्हाला काय वाटतं?

गोंद्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पाच प्रतिसादात राजकारण येतं की नाही बघू.

निर्गुणी

मला तर मुळातच विसंगती वाटते. ज्या माणसाने जन्मभर नाम-रूप हे अध्यस्त, म्हणजे वरून लादलेलं आहे, ते गाळा म्हणजे उरतं ते ब्रह्म असं कानीकपाळी ओरडून सांगितलं त्याचंच नाम आणि रूप ब्रॉन्झमध्ये ओतून डोंगरावर ठेवायचं. 'नेति नेति'ला १०८ फुटी 'इति' म्हणून उत्तर. ते स्वतः बघतील तर दंड टेकवत निघून जातील दुसरीकडे.

पंतोजी

निर्गुणीशेठ, हा आक्षेप ऐकायला झकास आहे पण आचार्यांच्या बाबतीत पूर्ण लागू पडत नाही. पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा दोन पातळ्या त्यांनीच स्पष्ट केल्यात ना, आणि व्यवहारात उपासनेला आधार लागतो हे ते मान्य करतात, नुसतं मान्य नाही, उदाहरण देऊन सांगतात. ब्रह्मसूत्रभाष्यात पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात प्रश्न येतो की सर्वव्यापी ब्रह्म हृदयाएवढ्या छोट्या जागेत कसं म्हणता, तर उत्तर काय, शाळिग्रामात जसा हरी बघायला सांगतात तसं. म्हणजे दगडात देव बघण्याचं उदाहरण खुद्द भाष्यात आहे, कुठल्या स्तोत्रात नाही, की ज्याच्या कर्तृत्वावर वाद घालता येईल. पंचायतन पूजा परंपरेने त्यांच्याच नावावर आहे, देवीची आणि शिवाची ढीगभर स्तोत्रं त्यांच्या नावावर आहेत, त्यातली निम्मी नंतरची असतील हे मी पण मानतो. पण मूर्ती दिसली की पळून जाणारा माणूस हा नव्हे. तो कबीर वगैरेंचा बाणा, आचार्यांचा नाही.

निर्गुणी

शाळिग्राम मुठीत मावतो हो पंतोजी.

पंतोजी

हा हा. ते खरं. उंचीबद्दल मी कुठे बोललो.

सोलापूरकर

आमच्या गावच्या माणसाचं नाव आलं म्हणून खास लॉगिन केलं. बीएसईच्या दारातला तो शिंगं रोखलेला बैल आहे ना, तोही रामपुऱ्यांचाच बरं का. लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात आणि शिल्पकाराचं नाव कोणाला माहीत नसतं. कामतांचंही तेच, व्यक्तिचित्रणात जगातलं मोठं काम, २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचं पहिलं बक्षीस त्यांच्या पत्नीच्या चित्राला मिळालं होतं. व्यक्तिचित्र करणाऱ्याकडे हे काम गेलं म्हणून तर चेहरा कॅलेंडरछाप नाही झाला.

रेवाकाठ ताईंच्या उंचीच्या मुद्द्यावर थोडं. एवढी मोठी शिल्पं आधी लहान करतात, मातीत, मग टप्प्याटप्प्याने वाढवतात, हल्ली स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोठं करतात आणि तुकड्या-तुकड्यांत ओततात. खरी कसरत असते ती नजरेच्या कोनाची. माणूस पायाशी उभा राहून वर बघणार, मग गुडघे मोठे दिसतात आणि डोकं लिंबाएवढं, हनुवटीच्या खालचा भाग दिसतो, नाक पुढे येऊन डोळे झाकतं. म्हणून वरचा भाग थोडा मोठा घ्यावा लागतो, मान किंचित झुकवावी लागते. मोठ्या माणसाच्या शरीरात हे खपतं. पण बारा वर्षांच्या मुलाची शरीराची प्रमाणंच वेगळी, खांदे अरुंद, मान बारीक, डोकं शरीराच्या मानाने आधीच मोठं. तिथे अंदाज जरा चुकला की मुलगा दिसायच्या ऐवजी बुटका माणूस दिसायला लागतो. एवढ्या आकारात बाल्य टिकवणं म्हणजे काय चीज आहे ते करणाऱ्यालाच माहीत. तुम्ही म्हणता घाटावरून कुतूहल दिसत नाही, अहो, पोरगा आहे एवढं तुम्हाला घाटावरून कळलं हेच जिंकलं.

रेवाकाठ

हे पटलं. हनुवटीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण मग असा विषय निवडल्यावर उंची कमी का नाही ठेवली?

गोंद्या

कारण १०८ ला जपमाळ होते ताई, ४८ ला काय होतं?

लोखंडकाम

फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य गेलं, तत्त्वज्ञान कळत नाही, तरी लिहितो. अशा पुतळ्याला लोक 'धातूचा' म्हणतात पण तो भरीव नसतो. आत काँक्रीटचा गाभा किंवा स्टीलचा सांगाडा आणि बाहेर ब्रॉन्झचे पत्रे, म्हणजे पॅनल. वारा घेतो तो सांगाडा, दिसतं ते पॅनल. सगळा खेळ या दोघांच्या मधल्या जोडणीचा.

हिशोब बघा. १०८ फूट म्हणजे ३३ मीटर. निमाडचा उन्हाळा माहितीये ना, उन्हात धातू साठच्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली. पन्नास अंशांचा फरक धरा. एवढ्या फरकात ब्रॉन्झ पूर्ण उंचीला जवळजवळ ३० मिलिमीटर वाढतं, स्टील २० च्या आसपास. म्हणजे कातडी आणि हाडं यांच्या वाढीत १० मिलिमीटरचा फरक, दरवर्षी, कायमचा. तो सोसायला पॅनल थोडं सरकू शकेल अशी जोडणी लागते, पक्कं वेल्ड मारून मोकळं झालं की चार-पाच वर्षांत तडे. दुसरं म्हणजे ब्रॉन्झ आणि लोखंड एकमेकांना चिकटले आणि मधे ओल गेली की लोखंड खाल्लं जातं, बॅटरीसारखं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीला हेच झालेलं, १८८६ चं काम, आत लोखंडी पट्ट्या, बाहेर तांब्याचा पत्रा, मधे ॲस्बेस्टॉसचा थर घातला होता तो कुजला आणि १९८० च्या दशकात सगळ्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

राजकोटचं कोणीतरी काढणारच म्हणून मीच काढतो. मालवणला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिने सुद्धा नाही. नटबोल्टला गंज चढलाय हे बांधकाम खात्याने आधी कळवलं होतं असं तेव्हा बाहेर आलं. तिथे समुद्र होता, खारा वारा होता, घाई होती. ओंकारेश्वरला समुद्र नाही ही मोठी जमेची बाजू, पण डोंगरमाथ्यावरचा वारा आणि विजा आहेत आणि खाली धरणाचं पाणी असल्यामुळे दमटपणा पण आहे. मला कोणी विचारलं तर मी कोनशिला बघणार नाही, देखभालीचं कंत्राट किती वर्षांचं आहे आणि आत शिरून बोल्ट बघायला शिडी ठेवलीये का ते बघीन. आपल्याकडे उद्घाटनाला पैसा असतो, ग्रीसला नसतो.

सोलापूरकर

+१०८

चकवा

मला एक सांगा, हे मोठे पुतळे चीनमध्ये का ओततात? सरदार पटेलांचे ब्रॉन्झचे पॅनल तिकडचे, हैदराबादजवळ मुचिंतलला रामानुजाचार्यांचा २१६ फुटी बसलेला पुतळा आहे तो पण तिकडूनच तुकडे आणून जोडलेला. चोळांनी हजार वर्षांपूर्वी नटराज ओतले तो देश ना हा?

लोखंडकाम

कारागिरी नाही म्हणून नव्हे हो. तमिळनाडूत स्वामीमलईला आजही मेण वितळवून नटराज ओततात, जगात तोड नाही. पण ते एका वेळी एक मूर्ती, माणसाच्या उंचीच्या आसपास. हजारो पॅनल, सगळे एका जाडीचे, एका रंगाचे, ठरलेल्या तारखेला, हा कारखान्याचा धंदा आहे आणि तिकडे बुद्धाचे आणि कोणाकोणाचे शंभर-शंभर मीटरचे पुतळे करून करून कारखाने तयार झालेत. इथे वीस वर्षांत एखादी ऑर्डर येणार, त्यावर कोण भट्टी बांधेल.

माळवी मिरची

पुतळ्यावरचे प्रतिसाद झाले, आता माझी पाळी.

मांधाता हा काही रिकामा डोंगर नव्हता. झाडं होती, परिक्रमेची पायवाट होती, परमारांच्या काळातल्या देवळांचे अवशेष होते. एकात्म धामसाठी झाडं तोडली आणि डोंगर खणला म्हणून इंदूरात साधू आणि नागरिक रस्त्यावर आले होते, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात याचिका गेली. विरोध करणारे नास्तिक वगैरे नव्हते, त्यातले बरेच स्वतःच रुद्राक्ष घालणारे होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं की डोंगरच ओंकार आहे म्हणता, मग त्यालाच कशाला कोरता.

आणि त्याच्या शेजारीच ५२० मेगावॉटचं ओंकारेश्वर धरण आहे. २०१२ मध्ये घोगलगावला विस्थापित शेतकरी नुकसानभरपाईसाठी दोन आठवड्यांच्या वर गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते, पायाची कातडी सुटली होती, टीव्हीवर बघितलं असेल तुम्ही. त्याच पाण्याच्या काठावर आता एकत्वाचा पुतळा. मला पुतळ्याचा राग नाही, रामपुऱ्यांचं काम सुंदरच आहे, पण 'सगळ्यांत एकच आत्मा' हे वाक्य डोंगरावर लावायचं आणि खाली घोगलगाव विसरायचं हे मला जमत नाही.

गोंद्या

पाच काय, दहाच्या पुढे टिकले. रेवाकाठ ताई जिंकल्या.

खंडव्याची सून

माझं सासर खंडवा, माहेर जळगाव, त्यामुळे दोन्हीकडून बोलते. मिरचीताई, झाडांचं तुमचं खरं आहे, पण ओंकारेश्वरचा खरा प्रॉब्लेम पुतळ्याच्या आधीपासूनचा आहे. ऑक्टोबर २०२२ ला उज्जैनला महाकाल लोक झालं आणि तेव्हापासून इंदूरला उतरायचं, उज्जैन करायचं, ओंकारेश्वर करायचं, वेळ उरला तर महेश्वरला साड्या घेऊन परत अशी शनिवार-रविवारची जत्रा सुरू झाली. श्रावण सोमवारी त्या झुलत्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. गाव केवढंसं, घाट केवढेसे. मीटर गेजची जुनी गाडी होती, महूकडून घाट उतरून ओंकारेश्वर रोडला यायची, ती रुंदीकरणासाठी बंद केली. म्हणजे सगळा भार रस्त्यावर, आणि पावसाळ्यात नर्मदा चढली की मोरटक्क्याचा पूल बंद, की इंदूर-खंडवा तुटलंच. २०२३ मध्ये अनावरणाच्या त्या आठवड्यात पण तेच झालं. आता २०२८ ला सिंहस्थ आहे उज्जैनला, तेव्हा इथे काय होईल देव जाणे.

आणि एक सांगू का, पुतळ्यामुळे एक चांगलं झालंय. लोक आधी मंदिरात जायचे, पिंडीवर पाणी घालायचे, नावेत बसून फोटो काढायचे, परत. डोंगरावर मागे सिद्धनाथाचं देऊळ आहे, जोत्यावर सगळीकडे झुंजणारे हत्ती कोरलेत, गौरी सोमनाथची प्रचंड पिंड आहे, तिकडे चिटपाखरू नसायचं. आता वर बघून कुतूहलाने का होईना थोडे लोक त्या वाटेला लागतात. ममलेश्वरालाही जावा बरं का सगळ्यांनी, ते दक्षिण काठावर आहे आणि ज्योतिर्लिंग हे की ते या भांडणात पडू नका, दोन्ही करा. त्याच्या भिंतीवर शिवमहिम्न कोरलेलं आहे, १०६३ सालचं. हजार वर्षं होत आली, अजून कोणी त्याच्यासमोर लाइट शो लावला नाही हे नशीब.

माळवी मिरची

ताई, शेवटचं वाक्य वाचून अधिकारी लोक टेंडर काढतील, गप्प बसा :)

तिरपागड

एक अवघड विषय आहे तो कोणी काढत नाही म्हणून काढतो. शिव्या घालायच्या तर नंतर घाला, आधी पूर्ण वाचा.

पुतळ्यांना नाव देतात ते आख्यायिकेवरून. मुचिंतलचे रामानुज 'समतेचा पुतळा', ५ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांनी अर्पण केला, आत आणखी एक १२० किलो सोन्याची मूर्ती, कारण आचार्य १२० वर्षं जगले (१०१७ ते ११३७) असं मानतात. समता कुठून आली? तर तिरुकोष्टियूरच्या गोपुरावर चढून त्यांनी गुप्त मंत्र सगळ्या गावाला ओरडून सांगितला, मी नरकात गेलो तरी चालेल म्हणाले, त्या गोष्टीतून. शंकराचार्यांचं एकत्व कुठून आलं? काशीत चांडाळ समोर आला, आचार्य 'बाजूला सर' म्हणाल्यावर त्याने विचारलं की कोण सरू, शरीर की आत्मा, आणि आचार्य त्याच्या पाया पडले, मनीषापंचक रचलं, त्या गोष्टीतून. दोन्ही गोष्टी अप्रतिम. लहानपणी ऐकून अंगावर काटा आला होता.

पण दोघांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिलंय आणि दोघांच्याही भाष्यात अपशूद्राधिकरण आहे. तिथे दोघंही, एरवी एकमेकांचं एक अक्षर न मानणारे दोघंही, शूद्राला वेदाध्ययनाचा आणि त्या वाटेने ब्रह्मविद्येचा अधिकार नाही म्हणून सांगतात. गोष्ट एक सांगते, ग्रंथ दुसरं सांगतो, आणि पुतळा गोष्टीवर उभा राहतो. संग्रहालय होणार आहे ना अद्वैत लोक, त्यात हे अधिकरण कुठल्या भिंतीवर लावणार ते मला बघायचंय.

निर्गुणी

हा खरा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पंतोजी

तिरपागड, तुम्ही म्हणता ते भाष्यात आहे, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त पूर्ण वाचा म्हणता तर शेवटपर्यंत वाचू. त्याच अधिकरणाच्या शेवटी शंकराचार्य विदुर आणि धर्मव्याध या महाभारतातल्या शूद्र मानलेल्या ज्ञान्यांची नावं घेतात, त्यांना ज्ञान झालं आणि ज्ञानाचं फळ कोणी अडवू शकत नाही म्हणतात, आणि इतिहास-पुराणं ऐकायचा अधिकार चारही वर्णांना आहे असं सांगून विषय संपवतात.

तिरपागड

म्हणजे पुढचं दार बंद, मागच्या दाराने या. दार तर आहे म्हणून खूश व्हायचं का?

पंतोजी

खूश व्हा असं मी कुठे म्हटलं. आपल्याकडे त्याच मागच्या दाराचं काय झालं ते बघा म्हणतोय. ज्ञानेश्वरीच्या अठराव्यात माऊली म्हणतात 'भाष्यकारातें वाट पुसतु'. परंपरेने भाष्यकार म्हणजे शंकराचार्यच घेतात. वाट त्यांना विचारली आणि शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणून सगळ्या गावासमोर ठेवली. गीता महाभारतात, म्हणजे इतिहासात, म्हणजे आचार्यांच्याच नियमाने सगळ्यांना खुली. नियम त्यांचा, आवाका माऊलींचा.

निर्गुणी

आणि वाट विचारून अमृतानुभवात वेगळीकडेच गेले. जग माया नव्हे, जग हा त्या एकाचाच विलास. मला विचाराल तर पुतळा उभारायला ते तत्त्वज्ञान जास्त सोयीचं, निदान ब्रॉन्झ खरं ठरतं!

पंतोजी

याला उत्तर द्यायला वेगळा धागा लागेल. मान्य, चिमटा चांगला होता.

नर्मदे हर

परिक्रमा केलेल्यांच्या बाजूने थोडं. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, त्यामुळे दक्षिण काठावर संकल्प सोडून निघालेला माणूस समोरच्या मांधात्यावर पाय ठेवत नाही. पूर्ण फेरी झाल्यावर जल घेऊन ओंकारेश्वराला जायचं आणि ते अर्पण करायचं. म्हणजे पुतळा समोर दिसतो आणि महिनोन्महिने तिथे जायचं नाही, आधी चालून या. आमच्या गटातल्या एका काकूंना निघताना तो दिसला तर म्हणाल्या, एवढंसं पोर केरळातून चालत आलं, आपण कसल्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगतो. त्यांना अद्वैत माहीत नव्हतं आणि रामपुरेही. तेव्हा मला वाटतं बारा वर्षांचा दाखवण्यात फायदा झालाय, दाढीवाला आचार्य असता तर काकू हात जोडून पुढे गेल्या असत्या.

अवांतर: गुरुगुहेचा मान एकट्या ओंकारेश्वराचा नाही. पुढे नरसिंहपूर जिल्ह्यात सांकलघाट लागतो, तिथले लोक छातीठोकपणे सांगतात की गोविंदपाद इथे होते, गुहा इथली खरी. आम्ही दोन्हीकडे डोकं टेकवलं. त्या काळात गुरूने पत्ता लिहून ठेवला नाही, आता गावं भांडतायत. आणि एक, काठावरच्या कुठल्याही आश्रमात संध्याकाळी 'त्वदीयपादपंकजं नमामि देवि नर्मदे' ऐकू येतं, तेही परंपरेने आचार्यांचंच. त्याला काही खर्च आला नाही.

चकवा

काळ पण भांडणातलाच आहे ना? पुस्तकात ७८८ ते ८२० वाचलेलं, काही अभ्यासक आठव्या शतकाच्या पूर्वार्धात नेतात, आणि काही मठ तर इ.स.पू. ५०९ सांगतात.

पंतोजी

मठांची गुरुपरंपरेची यादी आणि ग्रंथांमधले पुरावे जुळत नाहीत, भाष्यात बौद्ध पंडितांच्या मतांचं खंडन आहे ते पंडितच सातव्या शतकातले, त्यामुळे इ.स.पू. टिकत नाही. पण इथे नको, खरंच नको, मागच्या वेळी धागा तिनशेवर गेला होता.

रेवाकाठ

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, मुद्द्यावर येते. तिरपागड यांचा प्रतिसाद आणि सोलापूरकरांचा प्रतिसाद एकत्र वाचल्यावर मला पुतळा जास्त आवडायला लागलाय आणि प्रकल्प कमी. बारा वर्षांच्या त्या मुलाने अपशूद्राधिकरण अजून लिहिलेलं नाही आणि चांडाळही त्याला अजून भेटलेला नाही. दोन्ही पुढे काशीच्या वाटेवर आहे. एवढा मोकळा क्षण पकडल्यावर त्याच्याभोवती एवढं बांधकाम कशाला?

केदारनाथला २०१३ च्या पुरात आचार्यांची समाधी वाहून गेली, नंतर तिथे अरुण योगीराज यांनी घडवलेली बारा फुटी मूर्ती बसवली, नोव्हेंबर २०२१ मध्ये. काळा दगड, बसलेले आचार्य, जमिनीखाली गोल खड्ड्यात उतरून जवळ जायचं. तिथे बारा फूटही पुरतात कारण आपण जवळ जातो. इकडे पण गुहेच्या तोंडाशी खऱ्या उंचीचा, चार-साडेचार फुटी, ब्रॉन्झचा मुलगा उभा केला असता, गुहेतून नुकताच बाहेर आलाय असा, तर काकूंना त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला असता.

नर्मदे हर

काकूंनी ठेवलाच असता. आणि खिशात चिक्की घातली असती.

सोलापूरकर

कल्पना सुंदर आहे ताई, पण चार फुटी असता तर तुम्ही धागा काढला असता का? आणि दोन वर्षांत लोकांनी त्याला शेंदूर फासून बालहनुमान केला असता ते वेगळंच.

लोखंडकाम

चार फुटी असेल तर सांगाडा माझ्याकडून फुकट, स्टेनलेस. ओतकाम स्वामीमलईला. परवानग्या मात्र तुम्ही आणा.

माळवी मिरची

झाडाला हात लावायचा नाही ही अट घाला, मी वर्गणी काढते.